आयदे रघू आणि माझं खळं

रघूच्या हातात वस्तू टिकत नसे. उधळा होता म्हणून नव्हे. त्याच्या हातात काहीही द्या, नारळ, तांब्या, देवळातला प्रसाद, ते हाताला लागतं न लागतं तोच शेजारच्याच्या छातीशी गेलेलं असे. वर म्हणे, "आयदे." एकदा बारशाला कुणीतरी कौतुकाने पोर त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने ते तसंच माझ्याकडे सरकवलं. मी पान लावत बसलेला. पोर रडलं नाही, मीच दचकलो.

हा 'आयदे' शब्द मालवणी नव्हे. गावात पुष्कळ जण छातीठोक सांगतात की आपलाच आहे. नाही. रघू बोटीवर खलाशी होता. इंग्रज गेल्यावर थोड्याच वर्षांनी त्याची बोट युगोस्लाव्हिया नावाच्या मुलखात दुरुस्तीला लागली आणि हे लोक तिथल्या बंदरात कित्येक महिने अडकले. तिथे सर्बियाकडचा एक गडी होता, माडासारखा उंच. पूर्वीचा नावाजलेला खेळाडू. गुडघा गेला तेव्हापासून धक्क्यावरच्या पोरांना बास्केटबॉल शिकवी. 'आयदे' हा त्याचा शब्द. म्हणजे चल, हलव. त्याने रघूला तयार केलं. पुढे रघू बोटीच्या संघातून बंदरोबंदरी खेळला, नाव काढलं, आणि शेवटी त्याचाही गुडघा गेला. गुरूचं सगळं घ्यावं म्हणतात, पण इतकं घेऊ नये.

मी मराठी तिसरी शिकलो, पण कुणाचं ऐकून घ्यायची सवय मला शाळेनेही लावली नाही. माझ्या घरापुढचं खळं शेणाने असं सारवलेलं असे की वेंगुर्ल्यापर्यंत तसं दुसरं नव्हतं. एका सकाळी बघतो तर त्या खळ्याच्या कडेच्या माडाला शिडी लावून हा पिंपाचं लोखंडी कडं ठोकतोय.

"रे रघ्या, माझ्या माडार काय करतंस?"

"तात्यानू, ह्यां कडां. ह्येच्यात चेंडू घालूचो."

"आणि मगे?"

"मगे तो खालसून पडता."

"पडता तर घालतंस कित्याक?"

त्याने आणखी एक खिळा ठोकला. मी म्हटलं, काढ ते कडं.

तो म्हणाला, "मे महिनो इलो. तुमची कौलां परतूक गडी गावाक नाय. मी पोरां आणतंय. कडां रवांदे."

हे मात्र खरं होतं. पावसाआधी कौलं उतरवून, झाडून परत चढवायची तर रांग लागते. खालचा वर फेकतो, शिडीवरचा झेलतो, तो छपरावरच्याकडे देतो. रघूने कोळ्यांची, शेतकऱ्यांची, मिळतील ती पोरं आणली आणि स्वतः खळ्यात मधोमध उभा राहिला, लंगड्या पायावर, एखादा साहेब उभा राहावा तसा.

"कौल हातात धरून ऱ्हवलंस तर मागचो आपला खंय ठेयतलो, तुझ्या डोक्यार? आयदे."

जो पोरगा कौलाकडे न बघता पुढच्या गड्याकडे बघे, त्याला तो बाजूला उभा करी. मला वाटलं, त्याला विश्रांती देतोय. संध्याकाळी माझं घर परतून झालं आणि याचा संघ तयार. दोन कौलं फुटली होती. ती आधीचीच फुटकी होती असं त्याने माझ्या तोंडावर सांगितलं.

त्या संध्याकाळी ओसरीवर मी त्याला विचारलं, "ह्या पोरांक नाचवून तुका काय गावतला?"

"खारेपाटणाक जावक गावतला."

मग त्याने सगळं सांगितलं. रघू बोटीवर असताना त्याची बायको बाळंतपणात गेली. तो परत आला तेव्हा मुलगी पाळण्यात होती. त्याने ती उचलली, सासूच्या हातात दिली आणि पुढच्या बोटीवर चढला. मुलगी खारेपाटणला आजोळी वाढली. गुडघा जाऊन हा कायमचा घरी आला, तेव्हा तिला बघायला गेला होता. मेव्हण्याने चहा दिला, मुलगी दाखवली नाही. म्हणाला, "आता कशाक इलास? तां तुका वळखणा नाय."

"थयच्या शाळेत नवो ड्रिल मास्तर इलोहा," रघू म्हणाला, "तेना असांच कडां लावलाहा. सामनो केलो तर गाव बघूक येतलो. माजां पोर पण येतलां."

कडं राहिलं. मी नमलो असं कुणी म्हणू नये. ठोकलेले खिळे उपटले तर माड बिघडतो, म्हणून राहिलं. सारवणाची मात्र वाट लागली.

दिवाळीनंतर एसटीने आम्ही खारेपाटणला गेलो. मीही गेलो, कुणीतरी शहाणं माणूस बरोबर हवं. त्यांच्या पोरांच्या पायांत पांढरे बूट, आमची अनवाणी. पण खेळ सुरू झाला आणि चेंडू कौलासारखा फिरू लागला. त्यांची पोरं नुसती माना वळवत राहिली. ड्रिल मास्तराने मला विचारलं, "ही कुठली पद्धत?" मी म्हटलं, "छपराची."

फक्त रघूचं लक्ष खेळात नव्हतं. तो लोकांच्या रांगा बघत होता. 'आयदे' येईना, तशी आमची पोरं गडबडली. शेवटी मीच ओरडलो. आयुष्यात एकदाच.

तेवढ्यात चेंडू रेषेबाहेर गेला आणि परकर-पोलक्यातल्या, दोन वेण्यांच्या एका मुलीच्या पायाशी थांबला. तिने तो उचलला. पोरं हात पुढे करून "हयसर टाक, हयसर" करत होती. तिच्या मागे रघूचा मेव्हणा उभा होता. तो खाली वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलला. तिने पोरांकडे बघितलंच नाही. दोन्ही हातांनी चेंडू फेकला, तो सरळ रघूच्या छातीशी.

रघूने झेलला. शिट्टी वाजली. "मास्तर, आयदे," पोरं म्हणाली. रघू उभाच. चेंडू पोटाशी धरून तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या हातात काही थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. सामना आम्ही हरलो. आमचा मास्तरच चेंडू सोडीना, तर जिंकणार कसे?

पुढच्या मे महिन्यात माझी कौलं पुन्हा परतायची होती. रांगेत शिडीच्या पायथ्याशी, माझ्या पुढे, तीच दोन वेण्यांची मुलगी उभी. मेव्हण्याने सुट्टीपुरती पाठवली होती. छपरावर बाप. हात बरा होता तिचा. पण मधेच एक कौल घेऊन ती थांबली, मान वर करून बापाकडे बघत. मागे कौलं साचली, रांग अडली. मी तोंड उघडलं, तोच रघूने वरून हात केला.

"रवांदे, तात्यानू," तो म्हणाला. "घाई नाय."