कलम एकेचाळीस आणि शांत तळे

दुसऱ्या मजल्यावरच्या मुद्रितशोधकांनी एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता मासे पकडायला सुरुवात करण्याचे ठरवले. हा निर्णय त्यांचा स्वतःचा नव्हता. छापखान्यात सदतीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधल्यावर त्यांना निवृत्त करण्यात आले होते, पण त्यांची नजर निवृत्त झाली नव्हती. लिफ्टमधली पाटी, औषधाच्या बाटलीवरची सूचना, शेजाऱ्यांनी आदराने दिलेली लग्नपत्रिका, सगळे ते दुरुस्त करून परत पाठवत. शेजारी जिन्यात दिसले की खाली बघू लागले, तेव्हा डॉक्टरांनी सल्ला दिला, “ज्यात वाचायला काही नाही असा एखादा छंद लावून घ्या.”

तो छंद त्यांच्या भाचीने आणून दिला. भाची दंतवैद्य होती. दिवसा ती लोकांचे दात काढी आणि सुटीच्या दिवशी संगणकावरच्या खेळात शत्रूचे तळ उडवी. मामांसाठी तिने मवाळ खेळ निवडला होता. त्याचे नाव ‘शांत तळे’. तळ्याच्या काठावर बसायचे, गळ टाकायचा आणि वाट पाहायची. मासा कधीमधी लागे. बहुतेक वेळा लागत नसे.

मुद्रितशोधकांनी खेळ सुरू केला, तर तळ्याऐवजी एक पांढरी चौकट आली. ‘हा खेळ खेळण्यासाठी प्रथम उंबरठा बसवणे अनिवार्य आहे.’

त्यांनी भाचीला दवाखान्यात फोन लावला.

“मामा, उंबरठा म्हणजे त्या कंपनीचं सॉफ्टवेअर,” भाची म्हणाली. मागे कुणीतरी तोंड उघडे ठेवून कण्हत होते. “त्याच्याशिवाय त्यांचा एकही खेळ उघडत नाही. सगळ्यांनाच बसवावं लागतं. खाली ‘मान्य’ लिहिलंय ना? ते दाब, झालं.”

“आणि वर काय लिहिलंय?”

भाचीने कण्हणाऱ्याला चूळ भरायला सांगितले.

“वर?” भाची म्हणाली. “वर काहीतरी असतं खरं.”

वर दोनशे बारा पानांचा करार होता. मुद्रितशोधकांनी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केले आणि वाचायला घेतले. सदतीस वर्षांत त्यांनी न वाचता काही पुढे पाठवले नव्हते.

वाचायला त्यांना नऊ दिवस लागले. मासे पकडण्यासाठी कंपनीला पुष्कळ गोष्टी हव्या होत्या. त्यांच्या फोनमधले सगळे नंबर हवे होते. संगणकावर आणखी काय काय आहे आणि ते केव्हा उघडले जाते, हे हवे होते. खोलीतले आवाज, खोलीचे तापमान आणि ‘वापरकर्त्याच्या शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या जांभयांची सरासरी’ हीसुद्धा हवी होती.

“माझ्या जांभया?” बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. “माशांना काय करायच्यात माझ्या जांभया?”

“सेवेचा दर्जा उंचावण्यासाठी, असं लिहिलंय.”

“मग पंधरा मिनिटं बसते तुमच्याजवळ. उंचावू दे.”

शुद्धलेखनाच्या चुका त्रेसष्ट निघाल्या. चौसष्टावी चूक वेगळी होती. ती कलम एकेचाळीसमध्ये होती. तिथे लिहिले होते: ‘वापरकर्ता हा कंपनीच्या खोल्यांतील आवाज व चित्रे, तसेच कंपनीची कपाटे, खण, संपर्क व सवयी यांविषयीची माहिती केव्हाही, कितीही व कारण न देता गोळा करू शकेल, आणि त्यास कंपनीची आगाऊ संमती आहे असे समजण्यात येईल.’

‘वापरकर्ता’ आणि ‘कंपनी’ या दोन शब्दांनी आपसांत जागा बदलल्या होत्या. दुसरा कुणी असता तर हसला असता. मुद्रितशोधकांना वाईट वाटले. एवढे दोनशे बारा पानांचे काम, आणि शेवटचा हात फिरवायला कुणी नाही! त्यांनी चौसष्ट चुकांची यादी करून कंपनीला पाठवली आणि वर नम्रपणे लिहिले, ‘विशेषतः एकेचाळीस पाहावे.’

उत्तर चार सेकंदांत आले. ‘आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आमच्या करारात चुका नसतात. त्यातील प्रत्येक शब्द विधी विभागाने तपासलेला असून तो कंपनीवर बंधनकारक आहे.’

मुद्रितशोधकांनी पत्र दोनदा वाचले. त्यात चूक नव्हती. मग त्यांनी ‘मान्य’ दाबले.

उंबरठ्याची रचना अत्यंत आधुनिक होती. करारातली कलमे थेट यंत्रात उतरत आणि यंत्र त्यांप्रमाणे वागे. मध्ये माणूस ठेवला नव्हता, कारण माणसाकडून चुका होतात. कलम एकेचाळीस चालू करण्याची कळ कुठे आहे, हे पान एकशे सत्त्याऐंशीवर दिले होते. ते पान आजवर कुणी उघडले नसल्यामुळे कळ अगदी नवीकोरी होती. मुद्रितशोधकांनी ती दाबली.

तळे आले. पाणी संथ होते. मुद्रितशोधकांनी गळ टाकला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली: ‘ग्राहकसंबंध व्यवस्थापकांनी आत्ता खण उघडला. खणात कंगवा, उघडा बिस्किटपुडा व राजीनामा (तीन वर्षांपूर्वीचा, न दिलेला).’

सोबत राजीनाम्याचे चित्रही होते. मुद्रितशोधकांनी ते न बघण्याचा प्रयत्न केला. प्रयत्न दीड मिनिट टिकला. मग त्यांनी फोन उचलला.

“साहेब, तुमचा राजीनामा वाचला,” ते म्हणाले. “भाषा चांगली आहे. पण ‘राजीनामा’मधला ‘जी’ दीर्घ हवा. तुम्ही ऱ्हस्व काढलाय.”

व्यवस्थापक दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता स्वतः घरी हजर झाले. इस्त्रीचा शर्ट आणि विस्कटलेले केस. कंगवा त्यांनी खणातून बाहेर काढलाच नव्हता.

“हे ताबडतोब बंद करा,” ते खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले. “माझा खण आहे तो. खाजगी!”

“बसा ना. पान शहाण्णव बघा,” मुद्रितशोधकांनी करार पुढे सरकवला. “‘ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, त्याने घाबरण्याचे कारण नाही.’ तुमचंच वाक्य आहे. मी तपासलंय, शुद्ध आहे.”

“अहो, ते गिऱ्हाइकांसाठी आहे!”

“तसं लिहिलेलं नाही.”

व्यवस्थापकांनी चहाचा घोट घेतला. पडद्यावर, तळ्याच्या कडेला, नवी ओळ आली: ‘व्यवस्थापक सध्या वापरकर्त्याच्या घरी. नाडीचे ठोके एकशे अठरा. चहा आवडलेला दिसत नाही.’

“साखर कमी पडली का हो?” बायकोने विचारले.

“नाही नाही, छान आहे,” व्यवस्थापक घाईघाईने म्हणाले.

‘खोटे,’ पडद्याने नोंद केली.

व्यवस्थापक गेले ते थेट वरिष्ठांकडे. वरिष्ठांनी विधी विभागाला बोलावले. विधी विभागाने मान्य केले की करार त्यांनी तपासला होता, म्हणजे शेवटच्या पानावरची ‘तपासले’ ही चौकट त्यांनी दाबली होती. आता त्यांना तो वाचायला बसवण्यात आले. पहिल्या आठवड्यात दोघे आजारी पडले. एकाने पान चाळीसपर्यंत मजल मारली आणि बदली मागून घेतली.

इकडे रविवारी भाची आली आणि तिने मामांच्या खांद्यावरून पडदा पाहिला. ती संगणकावर खेळणाऱ्यांच्या संघाची चिटणीस होती. उंबरठा आपल्या घरात डोकावतो, म्हणून संघ चार वर्षे भांडत होता. त्यांनी चाळीस हजार सह्यांचे निवेदनही दिले होते. सही करण्यासाठी उंबरठ्यातूनच आत जावे लागत असल्यामुळे, निवेदन पोचण्याआधी सह्या करणाऱ्यांची यादी कंपनीला पोचली होती.

“मामा!” भाची ओरडली. “हे तू एकटाच बघतोयस?”

“कळ सगळ्यांकडे आहे. पान एकशे सत्त्याऐंशी.”

“पानबिन राहू दे. कळ दाखव.”

संध्याकाळपर्यंत ती कळ लाखभर खेळाडूंनी दाबली. मोठ्या साहेबांच्या खणात डुलकीसाठी छोटी उशी आहे, हे सोमवारी सर्वांना कळले. मंगळवारी कळले की ‘वापरकर्त्याचा विश्वास’ या विषयावरचे त्यांचे गाजलेले भाषण त्यांच्या मेहुण्याने लिहिले होते. बुधवारी कंपनीत सगळ्यांनी कॅमेऱ्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. गुरुवारी बैठक जिन्यात उभ्याने आणि खुणांनी झाली. त्यात हातवारे करताना एकाचा चष्मा खाली पडला, आणि तो कुठल्या पायरीवर पडला हे शोधून द्यायला त्यांना अखेर एका खेळाडूलाच फोन करावा लागला.

शुक्रवारी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ‘गोपनीयता बचाव समिती’ स्थापन केली आणि इमारतीभोवती मोर्चा काढला. व्यवस्थापक सर्वांत पुढे होते. त्यांच्या हातातल्या फलकावर लिहिले होते, ‘माझा खण, माझा हक्क!’ पलीकडच्या फुटपाथवरून भाची दवाखान्यात जात होती. तिने थांबून दोन घोषणा दिल्या. मुद्दा तिला मनापासून पटला होता.

अखेर नवा करार तयार झाला. दोनशे तीस पानांचा. ‘वापरकर्ता’ आणि ‘कंपनी’ आपापल्या जागी परतले होते. पण एक अडचण होती. जुन्या कराराच्या कलम नऊनुसार, ज्याला नवा करार पसंत नसेल त्याला जुनाच लागू राहणार होता, आणि त्याचा खेळही बंद करता येणार नव्हता. त्यामुळे कंपनीला दोन कळा द्याव्या लागल्या. ‘मान्य’ ही हिरवी आणि बशीएवढी. ‘अमान्य’ ही राखाडी आणि मुंगीएवढी. कुठलीही दाबली तरी खेळ उघडणार होता. मुद्रितशोधकांनी कलम तीनदा वाचून तशी खात्री करून घेतली आणि संघाला लेखी कळवले.

संघाने एका शाळेच्या सभागृहात मोठी सभा घेतली. बसचालक आले, परिचारिका आल्या, एक न्यायाधीश टोपी खाली ओढून मागच्या रांगेत बसले. भाचीने टेबलावर मूठ आपटली.

“शनिवारी सकाळी दहा वाजता चौकट येईल. आपल्याला काय करायचंय? काही नाही! फक्त लहान कळ दाबायची! एवढं जमेल ना?”

“जमेल!” सभागृह दणाणले. सर्वांनी उजवा हात पुढे करून शपथ घेतली. न्यायाधीशांनी तर दोन्ही हात पुढे केले.

शनिवारी भाची मामांकडेच आली. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर दोन संगणक मांडले. बायको मध्ये बसली, जांभया द्यायला म्हणून नव्हे, तर निकाल बघायला. दहा वाजता चौकट आली. मुद्रितशोधकांनी पहिले पान उघडले.

दहा वाजून अकरा मिनिटांनी कंपनीने निकाल जाहीर केला. एकूण खेळाडू चौदा लाख. मान्य, तेरा लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव.

मुद्रितशोधक तेव्हा पान दोनवर होते. त्यांनी मान वर करून भाचीकडे पाहिले.

“मामा, मी नाही दाबलं,” भाचीचे कान लाल झाले होते. “बोट गेलं. पलीकडे डाव सुरू होत होता, सगळे माझ्यासाठी खोळंबले होते.”

“वाचलंस?”

“वाचणारच होते रे. डाव संपला की.”

“तुझी शपथ?”

“शपथ घेताना समोर खेळ नव्हता ना!”

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मग भाचीही हसली. मुद्रितशोधक हसले नाहीत. त्यांनी उरलेली दोनशे अठ्ठावीस पाने वाचली, नवव्या दिवशी लहान कळ नेम धरून दाबली आणि गळ टाकला.

कंपनीत आनंदीआनंद झाला. व्यवस्थापकांनी स्वतः फोन केला. “एकटे तुम्हीच उरलात! आम्ही ठरवलंय, एका माणसाने काय बिघडणार? बघा तुम्ही आमचे खण. आम्ही रिकामे करून ठेवलेत.”

“खण झाले,” मुद्रितशोधक म्हणाले. “आता कपाटं बघतो.”

“कुठली कपाटं?”

“कलमात ‘खण’च्या आधी ‘कपाटे’ आहे.”

फोन न ठेवताच व्यवस्थापक कुणाला तरी ओरडून कुलपे आणायला सांगू लागले.

कंपनीची कपाटे दुसऱ्याच दिवशी तळ्याच्या काठावर उघडली. आजवर गोळा केलेले सगळे तिथे नीट रचून ठेवले होते. जांभया एका फळीवर, तापमान दुसऱ्या फळीवर. सर्वांत मोठ्या कपाटात एक यादी होती. आजवर कुठलाही करार आला असता ज्यांनी ‘मान्य’ दाबले, त्यांची. त्यात नुसते खेळाडू नव्हते. कंपनीने इतर कंपन्यांशी अदलाबदल करून बाकीच्यांच्याही याद्या मिळवल्या होत्या. हवामान बघणारे, फोटोतले डाग पुसणारे, फोनचा दिवा पेटवण्यासाठी आपल्या मित्रांचे नंबर देऊन मोकळे झालेले, सगळे होते. प्रत्येक नावापुढे, करार समोर आल्यापासून कळ दाबेपर्यंत किती वेळ लागला, त्याची सेकंदांत नोंद होती.

मुद्रितशोधकांना आयुष्यात प्रथमच पुरेसे काम मिळाले आहे. मासा लागेपर्यंत ते यादी वाचत बसतात. वरपासून, एकही ओळ न गाळता. न्यायाधीश, तीन सेकंद. भाची, दोन. सध्या ते तुमच्या आडनावाच्या जरा अलीकडे आहेत, उद्या दुपारपर्यंत पोचतील. घाबरू नका, सभ्य गृहस्थ आहेत. तुमच्यापुढचा आकडा बघून ते कुणाला काही सांगणार नाहीत. फक्त, घाईघाईत तुम्ही स्वतःचेच नाव चुकीचे भरले आहे, तेवढे ते दुरुस्त करतील.