बिनतारेचा माईक

शहापूरला दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ दुपारीच व्हायचा आणि माईक तुलारामचा असायचा. पंच्याऐंशी साली त्याने हौसेने नागपूरहून बिनतारेचा माईक आणला. पण पहिल्याच गावी दंडारीतल्या राजाने तोंड फिरवलं की आवाज तुटायचा. लोकांनी शिट्ट्या मारून राजाला खाली बसवलं. "आपल्या गावात असं झालं तं पुढच्या साली लाखनीचा माईक सांगू," मंडळाच्या धनीरामने बजावलं.

मंडईच्या आदल्या दिवशी तुलारामने एरियलची तार उंच बांबूवर चढवली. आता तपासायचं कसं? आधी बायको, शकुनबाई, कर्ण्याखाली उभी राहून "येते, येते!" म्हणून हात हलवायची. ती जाऊन वर्ष झालं होतं. आता तुलाराम एकटाच राईस मिलच्या पलीकडे जाऊन "हॅलो" म्हणायचा. मिलच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून कर्ण्याकडे धावायचा. तोवर हॅलो संपलेला असायचा.

शेवटी माईक मेला असं समजून तो मिलमागच्या घरी आला, माईक खाटेवर टाकला आणि वांग्याची भाजी चुलीवर ठेवली. बटण बंद करायचं राहिलं.

"शकुन, मीठ टाकलं का मी?" तो रोजच विचारायचा. "नाही टाकलं वाटते. टाकतो." मग म्हणाला, "त्या धनीरामले तूच बोलली असती. मी आपला मान हालवून आलो."

थोड्या वेळाने धनीराम धापा टाकत दारात. मागे शेजारची पार्वताबाई.

"तुलाराम, बटन बंद कर! सारं गाव कर्ण्याखाली उभं आहे!"

तुलारामने आधी विचारलं, "तुटला का कुठं?"

"एक शब्द नाही तुटला."

त्याचा चेहरा खुलला. मग आपण काय बोललो ते आठवलं आणि कान तापले. त्याने घाईघाईने बटण दाबलं.

"अरे, बंद काहून केला?" कर्ण्याकडून धावत येत कोणीतरी ओरडलं.

पार्वताबाईने भाजी चाखली. "भाऊजी, मिठाच्या डब्याचं झाकण दोनदा वाजलं. मी तिकडून बोंबलून राहिली होती, नोका टाकू म्हणून!"

धनीराम खाटेवर बसला. "खारट तं खारट, वाढ. अन् तुले मले काय बोलाचं होतं, ते जेवता जेवता बोल."

तुलाराम ताटं शोधू लागला. ताटं होती घरात. फक्त एक सोडून बाकीची फळीवर फार मागे गेली होती.