डोमाजी मामांची पहिली ओळ

बहीण दीपा हिच्या लग्नाची सारी व्यवस्था धम्मरत्नाने एक्सेलमध्ये बसवली, याबद्दल त्याच्या पत्नीची तक्रार नव्हती. उर्वशी यवतमाळच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवीत असे. नवरा एक्सेलमधल्या मांडणीला ‘प्रोग्रामिंग’ म्हणतो, एवढेच तिला सोसत नव्हते.

“प्रोग्राम चुकला तर बहुधा अडतो,” ती म्हणाली. “तुमचं पत्रक चुकलं तरी नीटनेटकंच दिसतं. जोखमीच्या कामाला ते कशाला?”

“तुह्या प्रोग्रामले हजार ओळी लागतात. मी नुसत्या माउसनं करून राह्यलो.”

“तपासलं कोणी?”

“रंग दिले ना सगळे.”

(रंग खरोखरच सुरेख होते.)

कापसाचा भाव पडल्यापासून मंगल कार्यालयाची भाषा कोणी करीत नव्हते. मांडव दारापुढेच होता आणि कोणाला कसे आणायचे, केव्हा जेवू घालायचे, कोणते काम सांगायचे, हे सारे त्या पत्रकावर अवलंबून होते. त्यातही जोखीम भन्तेजींची. त्यांना नेरच्या विहारातून जीपने आणून बाराच्या आत भोजन द्यायचे होते. भिक्खूंच्या नियमाप्रमाणे बारानंतर ते अन्न घेत नसत. विधीला आलेले भन्तेजी उपाशी राहिले असते, तर दीपाच्या लग्नाची तेवढीच गोष्ट नात्यात उरली असती.

आदल्या दिवशी एसटीने येऊन पोहोचताच डोमाजी मामांनी पत्रक पाहिले.

“मी सगळ्यात वडील. मले इतक्या खाली काहून टाकलं बाप्पा?”

धम्मरत्नाने तत्काळ नावाचा व वयाचा रकाना निवडून वयाप्रमाणे क्रम लावला. (पाहुण्यांची वये त्याने का नोंदवली होती, हे विचारण्याचे उर्वशीने टाळले होते.) शेजारचे रकानेही सोबत हलवायचे का, असे संगणकाने विचारले. धम्मरत्नाला तो आगाऊपणा वाटला. मामा पहिल्या ओळीत गेले. तिथले तरुण भन्तेजी घसरत थेट मामांच्या जुन्या ओळीत उतरले. पुढचे रकाने जागच्या जागी राहिले. प्रती छापून वाटताना धम्मरत्नाने सर्वांना बजावले, “कागदात हाये तेच करायचं. डोकं चालवायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी जीपवाला जमीर रिकामाच परतला.

“भन्तेजी कुठं हायेत?” धम्मरत्नाने विचारले.

“विहारातच होते, भाऊ. पण कागदात विहारातून मामाले आणायचं होतं, अन् मामा तिथं नव्हते. भन्तेजींच्या नावापुढं ‘एसटीनं येतील’ लिहिलं होतं. मी त्यायले स्टँडवर सोडून देल्लं.”

एसटी जिनिंग कारखान्यापुढच्या कापसाच्या गाड्यांमागे अडकली. शेवटचा टप्पा पायी तुडवून भन्तेजी पोहोचले, तेव्हा बारा वाजण्याच्या बेतात होते. उर्वशीने कोणताही कागद न पाहता ताट मांडले. भोजन वेळेत झाले, विधीही शांतपणे पार पडला.

मग पंगत बसली. आचाऱ्याने मामांच्या पुढ्यात पाण्याचा गडवा ठेवला.

“बुंदी कुठं हाये?”

“मामाजी, तुमच्या नावापुढं ‘बारानंतर फक्त पाणी’ लिहिलं हाये.”

“कोणं लिहिलं?”

“पहिलीच ओळ हाये तुमची.”

तिकडे गुडघ्यांनी अधू असलेल्या रुखमाआत्या गॅसच्या सिलिंडरकडे हताशपणे पाहत उभ्या होत्या. ते हलवण्याचे काम कागदात त्यांच्या नावापुढे आले होते; मुळात ते धम्मरत्नाचे होते.

मामांना बुंदी मिळवून दिल्यावर उर्वशीने संध्याकाळच्या पाठवणीसाठी पत्रक दुरुस्त केले आणि नवी प्रत नवऱ्याच्या हाती दिली. त्याने ती बारकाईने वाचली. सगळे आपापल्या जागी आले होते; फक्त त्याच्या नावापुढे अजून रुखमाआत्यांचाच मजकूर होता: ‘खुर्चीवर बसवावे. कोणत्याही कामाला हात लावू देऊ नये.’

“ही एक ओळ चुकली तुही,” तो समाधानाने म्हणाला.

“तपासली आहे,” उर्वशी म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली.