फुगलेला गाल

हिरडीचं ऑपरेशन बायकोला न सांगता उरकून टाकायचं, असं हेडक्लार्कनी ठरवलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

कारण साधं होतं. "अहो, दात घासताय की कढई?" असं बायको लग्नापासून विचारत आली होती आणि दर वेळी ते ब्रश दुप्पट जोरानं चालवत आले होते. शेवटी वरची हिरडी मागं सरकली, दातांची मुळं उघडी पडली.

"टाळूचा छोटा तुकडा काढून हिरडीवर शिवू," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आठवडाभर बोलायचं नाही. टाके ओढले जातील."

"एक शब्दही नाही?" हेडक्लार्कनी धसकून विचारलं. (ऑफिसात नुसतं गुड मॉर्निंग म्हणायला त्यांना वीस मिनिटं लागत.)

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते तोंड शिवून घेऊन आले. संध्याकाळपर्यंत डावा गाल लिंबाएवढा झाला.

"गाल फुगवून का बसलात?" बायकोनं विचारलं.

उत्तर नाही. पुढ्यात ठेवलेला चहाही त्यांनी पार गार होऊ दिला. बायको चपापली. हा माणूस रागावला की तासभर बोलतो. गप्प बसलाय, म्हणजे प्रकरण गंभीर.

"छत्रीचं कळलं वाटतं?" ती हळूच म्हणाली. "चोरीला नाही गेली ती. मीच बसमध्ये विसरले."

हेडक्लार्क थक्क झाले. बायको चक्क पडतं घेत होती! एका चिठ्ठीत खुलासा झाला असता, पेन खिशातच होतं. पण त्यांनी खिडकीबाहेर बघत एक लांब सुस्कारा तेवढा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाल आणखी फुगला. बायकोनं त्यांच्या पाठीशी उशी ठेवली आणि समोर येऊन बसली.

"बरं, वॉशिंग मशीनचंही सांगून टाकते. ते तुम्ही दुरुस्त केलं नव्हतं. तुम्ही ऑफिसला गेल्यावर मेकॅनिक आला होता. तुमचे उरलेले चार स्क्रू त्यानंच बसवले."

त्या मशीनवर हेडक्लार्कनी ऑफिसात तीन भाषणं ठोकली होती!

"काय?" ते ओरडले. टाका तटकन तुटला आणि रक्त बनियनवर आलं.

"अहो, चुकलं माझं! पण रागानं रक्त ओकू नका हो!" बायकोनं किंकाळी फोडली आणि त्यांना टॅक्सीत कोंबलं.

"बोललात ना शेवटी?" डॉक्टरीणबाईंनी दरडावलं, आणि ऑपरेशनपासून ब्रशपर्यंत सगळं बायकोला सांगितलं. बायको इतकी हसली, इतकी हसली, की तिला पेशंटच्याच खुर्चीत बसावं लागलं. मग डोळे पुसत उठली आणि नवे टाके पडेपर्यंत त्यांचा हात धरून उभी राहिली.

"मला सांगायचं ना हो," ती म्हणाली. हेडक्लार्कना फार बरं वाटलं.

आठवड्यानं टाके निघाले. दवाखान्याच्या पायरीपासून हेडक्लार्कनी तुंबलेलं सगळं बोलायला सुरुवात केली, ते चार गल्ल्या ओलांडल्या तरी श्वास घ्यायला थांबले नाहीत. बायको शांतपणे ऐकत चालली होती. घराच्या फाटकाशी ती थांबली आणि विचार करत म्हणाली,

"अहो, मला वाटतं, डॉक्टरीणबाईंनी टाके जरा घाईनंच काढले."