अक्काचा सतरावा प्रश्न

नौबादच्या भाजीगाड्यावर, दहाबारा माणसांदेखत, महानंदाक्कानं मला विचारलं, "गुरुजी, बायकूजवळ बसावं वाटतंय का अजून? एक ते पाच. इथं सांगू नका, दार लावून सांगा."

माझ्या हातातली वांगी खाली पडली. पस्तीस वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केली, पण असला प्रश्न ऐकायची वेळ आली नव्हती. भाजीवाला मात्र शांत. म्हणाला, "म्या तर कालच माझा जबाब पाकिटात घातलो, गुरुजी."

अक्का आमची शेजारीण. निवृत्त नर्सबाई. तीस वर्षं तिनं दुबलगुंडीपर्यंत खेडोपाडी हिंडून पाळणा लांबवायच्या गोळ्या वाटल्या. मराठीत वाटल्या, कन्नडात वाटल्या, वेळ पडली तर उर्दूतही वाटल्या. म्हणूनच विद्यापीठातली एक पोरगी तिला शोधत आली. निरनिराळ्या देशांतल्या माणसांचे स्वभाव कसे, आणि अंथरुणातल्या गोष्टीत ती कशी, याचा मेळ बसतो का, हे म्हणे बघायचंय. प्रश्नांचे कागद तिनं अक्काच्या हाती दिले; जबाब आकड्यात द्यायचा, एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे फार. आता बोला! जगातलं सगळं शोधून संपलं, आमचंच अंथरूण राहिलं होतं.

तेव्हापासून अक्काचं सगळंच एक ते पाच झालं. भेंडी कवळी किती? गुडघा दुखतोय किती? कुणी मान खाली घातली की तिचं ठरलेलं, "लाजायचं काय त्यात? देवानंच दिलंय न्हवं?"

माझ्या ऐंशी वर्षांच्या आत्याला घेऊन ती तासभर खोलीत बसली. आतून आत्याचं हसू ऐकू आलं आणि मी गारच पडलो. आत्या कधी हसते हेच मला ठाऊक नव्हतं.

"काय म्हणाली आत्या?" मी विचारलं.

"पाकिटात हाय," अक्का म्हणाली. "प्रश्न मोठ्यानं, जबाब पाकिटात. कुणाची सून गोळ्या घेती, तेबी म्या कुण्या सासूला सांगितले न्हाई."

हे मात्र खरं. अक्काच्या पोटातून गोष्ट बाहेर पडत नाही. म्हणून तर बायका तिच्यासाठी दार उघडतात.

तर हीच अक्का एका सकाळी कागद घेऊन माझ्या ओट्यावर आली.

"आमच्या ह्यांचा कागद तुमी भरून घ्या, गुरुजी. घरच्यांना आपण विचारायचं न्हाई, असा नियम हाय." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "सतरावा तेवढा नीट विचारा."

मी पाहिलं. सतरावा : जोडीदाराची ओढ आजही वाटते का?

"अहो, सगळ्या तालुक्याला विचारलंत, नवऱ्याला कधी विचारलं नाहीत?"

"एकदाबी न्हाई. म्या गोळ्या वाटत हिंडताना भाऊबंद काय काय बोलले. लाज सोडली म्हणले. हे गप. एक शब्द न्हाई. माझी शरम वाटली का काय, आजतागायत कळलं न्हाई बघा."

मला खरंच धक्का बसला. वांगी पडली तेव्हापेक्षा मोठा.

अक्काचे यजमान अप्पा कोळारच्या एका गोदामात वॉचमन होते. आताही राखणीला बसल्यासारखेच खुर्चीत बसतात. मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा नियम म्हणून अक्का बाहेर पायरीवर बसली. मी दार लावलं आणि पहिल्यापासून विचारू लागलो.

"तुम्ही बोलके आहात का, अप्पा?"

"एक."

"चारचौघांत मिसळता का?"

"एक."

सोळापर्यंत असंच. सतरावा विचारताना मी कागदाच्या मागं तोंड लपवलं. अप्पांनी टीव्ही बंद केला.

"ओढ म्हंजे, तवाची का आताची?"

"आताची."

अप्पांनी हाताची पाची बोटं मोजून पाहिली. मग म्हणाले, "पाचाच्या म्होरं काय हाय?"

"काही नाही, अप्पा. पाचवरच संपतं."

"मग पाच लिवा. पर तिला सांगू नका. लाजंल ती."

लाजेल? कोण, अक्का? भर बाजारात मला तसलं विचारणारी अक्का? मला हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले. कसाबसा कागद पाकिटात कोंबून मी बाहेर आलो.

अक्का उठून उभी राहिली. "सतरावा?" एवढंच म्हणाली. आवाज इतका बारीक, की माझा विश्वास बसेना. मी तोंड उघडणार, तोच तिनं हात वर केला.

"नको. सांगू नका. त्यांचाबी जबाब पाकिटातच ऱ्हावू द्या. लोकांना एक आन् मला एक, असं कामून?"

मी पाकीट पुढं केलं. पण माझ्या या मेल्या तोंडाला काही लपवता येत असतं तर! अक्कानं माझ्याकडं बघितलं, ओल्या डोळ्यांकडं बघितलं, आणि बघतच राहिली.

मग तिनं डोक्यावरचा पदर ओढून तोंडावर घेतला, अगदी नव्या नवरीसारखा, आणि भिंतीकडं वळून उभी राहिली. पाकीट मी धरूनच होतो. ते घ्यायला काही केल्या तिचा हात पदरातून बाहेर येईना.

अप्पा म्हणाले होते तसंच झालं. अक्का लाजली होती.