मथुराबाईंनी तार राखिली त्याची हकीकत

श्री वाग्देवी प्रसन्न. जो कान देईल त्याचे कल्याण असो. शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमीस तारराज्यात जे वर्तमान जाहले ते यथामति लिहितो. पूर्वी या राज्याचा अंमल थोर. तारेचा फोन घरी यावा म्हणोन रयत नांव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाही. आळीत फोन एकच, मथुराबाई टिळेकर यांचे घरी, आणि शेजारची अकरा घरे आपले लग्नपत्रिकांवर त्यांचाच नंबर 'पी.पी.' म्हणोन छापीत. कोणाचा फोन आला की बाई सज्जात उभ्या राहून हाक मारीत, आणि मग बोलणारा बोले, बाई ऐकत, चहा होई, आणि आळीचे सर्व राजकारण त्यांचे दिवाणखान्यात तडीस जाई. पुढे मोबाईलांची फौज चालोन आली, गच्चीगच्चीवर मनोरे उभे राहिले, आणि अकराही घरांचे येणे तुटले. बाईंस फार वाईट वाटले. खोटे कशास लिहावे, दिवसदिवस त्यांशी बोलावयास मनुष्य नव्हते.

तिकडे तारराज्याचे साहेबही हवालदिल. रयत रोज फोन परत आणून टेबलावर ठेवी. मग साहेबांनी 'अमर्याद योजना' काढिली: भाडे निम्मे, बोलणे कितीही. ती घेऊन लाइनमन शिवलिंगअप्पा बाईंकडे वकिलीस आले आणि म्हणाले, "बाई, एवढी योजना घ्या. दिवसभर बोला, कोणी मोजणार नाही."

बाई म्हणाल्या, "बोलू कोणाशी अप्पा? तुमच्या साहेबाशी?"

तरी घेतली, आणि मग पदर खोचून अकराही घरी फोन लावू लागल्या. परंतु मोबाईलवाल्यांची रीत ऐसी की, तारेचा नंबर दिसला की तो विमावाल्यांचाच समजावा. पहिल्याने न उचलताच कापिला. दुसरी म्हणाली, "प्लॉट नको!" तिसरा म्हणाला, "आहे आमचा विमा, ठेवा!" बाईंचे तोंडून 'मी मथु' एवढेच बाहेर पडे. ज्यांस हाका मारून वीस वर्षे घसा बसविला, त्यांनी दहा घरी ऐसी बेअदबी केली. बाई रडकुंडीस आल्या. अकरावे घर भिंतीस भिंत लागोन, घैसास नानांचे. त्यांची पत्नी निवर्तलेली, लेक परदेशी. नाना फोन उचलोन म्हणाले, "विमा नको. पण ठेवू नका हो. कसला विमा आहे ते सावकाश सांगा."

"नाना, मी मथुरा. पलीकडची."

"वहिनी! अहो, मग भिंतीवर थाप मारायची. इकडे सगळं ऐकू येतं."

"मलाही येतंय. पण घेतलेली योजना फुकट घालवू होय?"

मग दोघे बोलत बसले. एकच आवाज फोनातून आणि भिंतीतूनही येई, आणि दुपार टळली, आणि दिवेलागण जाहली.

इकडे कचेरीत एक तार चार तास अडकलेली दिसली. इतके बोलणे त्या राज्यात कैक वर्षांत कोणी केले नव्हते, सबब बिघाड समजोन शिवलिंगअप्पा शिडी घेऊन दौडले. खिडकीतून पाहतात तो बाई पोट धरून हसताहेत. मग परत येऊन अर्ज केला, "साहेब, बिघाड नाही. माणसं बोलतायत."

साहेबांनी तत्काळ साखर मागविली आणि वाटावयास निघाले, तो कचेरीत उरलेले साहेब आणि अप्पा दोघेच, सबब दोघांनीच खाल्ली.

येणेप्रमाणे मोबाईलांनी मुलूख घेतला आणि बाईंनी एक घर घेतले. जैसे ऐकिले तैसे लिहिले.