मुन्शीजीचे मांडीपर्यंतचे मोजे

सत्तरी ओलांडलेला माणूस. अंगात आखूड चड्डी, त्याखाली मांडीपर्यंत घट्ट पांढरे मोजे, बोटं तेवढी उघडी. वॉकर धरून भर चौकात उभा, अन् पाण्याला चाललेल्या बायांना म्हणतो, "पाहा वं बाई, कुठी ढिलं दिसते का?"

बाया हसून बेजार. "ढिलं आहे मुन्शीजी, बाजूला टाका!"

माझ्या हातातली पिशवीच गळाली. खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या कमरेला गुंडाळायला मी धावलो. अरे, ते मोजे सकाळी मीच चढवले होते, अन् हा माझं काम गावाकडून तपासून घेत होता!

हा डोमाजी. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात त्याच्या-माझ्या घरांच्या मधात एक कुंपण. उभी हयात त्यानं तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे विडीची पानं मोजून घेतात त्या जागी, मुन्शीपणा केला. बाया जंगलातून पानं तोडून, पुडे बांधून आणत. हा एकेक पुडा दाबून पाही. दोरी सैल लागली की पुडा बाजूला. "ढिलं चालत नाई!"

बाया चिडत. "मुडद्या, तुयी तिरडी ढिली बांधू आम्ही!"

"बांधून तं पाहा. उठून बसन."

फळी सुटली, खोड नाही सुटली. एका लग्नात नवरदेवाचा फेटा यानं भर मांडवात ओढून पाहिला. फेटा हातात आला. वऱ्हाडी धावून आले तर त्यांनाच म्हणतो, "मी नसतो तं घोड्यावर सुटला असता."

असा हा माणूस अंगणात शेळीमागं धावताना पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, अन् दवाखान्यातून हे मोजे मिळाले. डॉक्टर म्हणाले, पडून पडून पायात रक्ताची गाठ होते. ती सुटून छातीत गेली तर माणूस जागेवर खलास. चालणं नीट होईपर्यंत मोजे घालून ठेवा, पाय धुण्यापुरते काढा, लगेच चढवा. डोमाजी मात्र खूश! मोजा चिमटीत धरून म्हणतो, "याले म्हणतात घट्ट काम."

घरी आल्यावर एकदा पाहायला गेलो, तर पाऊल पिकल्या जांभळासारखं. मोजा घसरते म्हणून पठ्ठ्यानं वरच्या काठावर झाडाच्या सालीची दोरी आवळली होती, पुड्याला आवळतात तशी!

"हे काय बे?"

"पक्कं करून राह्यलो."

विळ्यानं दोरी कापली अन् नर्सबाईला घेऊन आलो. तिनं कपाळावर हात मारला. "बाबाजी, रक्त चालत राहावं म्हणून मोजे दिले, तुम्ही तं वाटच बंद केली!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "रोज सकाळी तुम्हीच चढवून देत जा. सुरकुती नको, वरचा काठ गोळा व्हायला नको. अन् दोरी तं घरातच ठेवू नका."

मी देवळातही उभ्यानंच हात जोडणारा माणूस. अन् रोज सकाळी डोमाजीची टाच मांडीवर! तो कुंपणावरून माझ्या नावानं हाळी देई, "सीताराम! पाय वाट पाहून राह्यले!" मी घाम गाळत मोजा वर सरकवायचा, हा खाटेवर लोळून, "ओढ ना बे, भात खात नाई का?" सोबत कोणाची म्हैस व्याली, कोणाचा जावई रुसला, हे सगळं. त्याची बायको गेलेली, पोरगी वरोऱ्याला संसारात. मी म्हणायचो, स्वतः शीक. तो म्हणायचा, "खुबा वाकत नाई ना."

परवा मला कुरखेड्याच्या बाजाराला जायचं होतं, म्हणून लवकर गेलो. दार उघडंच. पाहतो तर डोमाजी खाटेवर बसून स्वतःच मोजे चढवतोय. एक सुरकुती नाही! मी खोकलो. त्याची पाठ होती दाराकडं. धडपडून त्यानं दोन्ही मोजे उतरवले, उशाला फेकले अन् कण्हायला लागला.

"आलास का? मायाच्यानं होते का हे?"

कधी कधी मी शेतावरून थेट दुपारी जात असे. म्हणजे तोवर हा उघड्या पायानं बसून राही? छातीत गाठ गेली असती म्हणजे?

शिवी ओठावर आली होती. गिळली. खाली बसलो, त्याची टाच मांडीवर घेतली.

"डोमा, उद्यापासून उठल्याबरोबर घालून ठेवत जा. तुले येते. पाहिलं मी."

तो आढ्याकडं पाहत राहिला. दुसरा मोजा गुडघ्यापर्यंत आला तेव्हा हळूच म्हणाला, "घालून ठेवले... तं येशीन का पण?"

"चहा ठेवशीन तं येईन."

"रोज?"

"पाय हलवू नको," मी म्हणालो. "सुरकुती पडते."